दुनळीची जागल

(स्थळ : कामरगाव, तालुका कारंजा, जिल्हा वाशीम. चहाच्या टपरीपुढचा बाक. वेळ : सकाळची, जागल करून आलेल्यांनी जांभया द्यायची. सोयाबीनच्या शेंगा भरत आल्या आहेत. पात्रे : वावरवाला, जो रात्री सोयाबीन राखतो आणि दिवसा झोप, आणि सुभेदार, फौजेतून निवृत्त, चहात साखर कमी, बोलण्यात अजिबात नाही.)

वावरवाला : सुभेदार काका, एक गोष्ट इचारू? दुनळी घ्याची म्हनतो.

सुभेदार : कशाला?

वावरवाला : कायले म्हंजे? डुकरं रातभर सोयाबीनात लोळून राह्यले. उरलंसुरलं पहाटे रोही चरते. फटाके फोडले, धुऱ्यावर साड्या बांधल्या, बुजगावनं उभं केलं. डुक्कर त्या बुजगावन्याले आंग घासून राह्यलं, काका! मंग भोंगा आनला, वाघाच्या डरकाळीचा. दोन राती डुकरं आले नाही. तिसऱ्या राती पिलं संगं घेऊन आले. वाघ ऐकवाले.

सुभेदार : आणि दुनळीनं काय होईल?

वावरवाला : एक नळी डुकराले, एक रोह्याले. हिसाब बरोबर. अन् शिकार झालीच तं रविवारी सागुती.

सुभेदार : हळू बोल. 1972 चा वन्यजीव संरक्षण कायदा आल्यापासून शिकार हा शब्द टपरीवर मोठ्यानं बोलायचा राहिलेला नाही.

वावरवाला : म्हंजे वावर माहं, बियानं माहं, बँकेचं कर्ज माहं, अन् डुक्कर तेवढं सरकारचं?

सुभेदार : मेल्यावरसुद्धा सरकारचं. कलम 11 आहे. उभं पीक खाणाऱ्या जनावराला मारायची लेखी परवानगी वनखातं देऊ शकतं. डुक्कर आणि रोही दुसऱ्या अनुसूचीत आहेत, त्यांच्यासाठी मागता येते. आधी कागद, मग काडतूस. आणि पडलेलं जनावर खात्याच्या स्वाधीन. सागुती नाही.

वावरवाला : अन् बायकोनं वाटलेला मसाला?

सुभेदार : तो तुझा. त्याला परवानगी लागत नाही. बरं, रात्री बॅटरीच्या उजेडात दोन डोळे चमकले. रोहीचे की काळविटाचे?

वावरवाला : डोळे ते डोळे.

सुभेदार : रोही समजून चाप ओढलास आणि सकाळी काळवीट निघालं, तर पहिली अनुसूची. 3 ते 7 वर्षं. आपल्याच भागात कारंजा-सोहोळचं अभयारण्य आहे, ते काळविटांसाठीच.

वावरवाला : पन काळवीट तं वावरातबी येते. त्याले अनुसूची वाचता येत नाही काय?

सुभेदार : त्याला येत नाही, म्हणून तुला वाचावी लागते.

वावरवाला : माहा साळा सोहोळकडंच राह्यते. तो म्हने, भाऊजी, तुमी घेतली का मीबी घेतो.

सुभेदार : अभयारण्याच्या 10 किलोमीटरच्या आत नवा परवाना द्यायचा तर मुख्य वन्यजीव रक्षकाची संमती आधी लागते. साळ्याला म्हणावं, तू भोंगाच लाव.

वावरवाला : माहं सांगा. मले काय काय लागते?

सुभेदार : वय 21 पूर्ण. अर्ज वाशीमला, जिल्हादंडाधिकाऱ्याकडे. पोलीस चौकशी होणार. बंदूक सुरक्षित हाताळायचं शिक्षण घेतल्याचा दाखला. डॉक्टरचा दाखला, शरीराचा आणि डोक्याचाही.

वावरवाला : डोक्याचा? रातभर डुकरासंगं भांडनाऱ्या मानसाले तो कोन देईन?

सुभेदार : आणि एक ऐक. 1959 चा शस्त्र कायदा पीक राखण्यासाठी पहिलं नाव घेतो ते ठासणीच्या बंदुकीचं. तिनं भागत नाही, हे साहेबाला पटलं तरच दुनळीसारखी दुसरी.

वावरवाला : ठासनीची! दारू टाका, चिंधी ठासा, छर्रे टाका, परत ठासा, टोपी बसवा. तवर डुक्कर नदीवर आंघोळ करून येईन.

सुभेदार : येऊ दे. तेवढ्यात तूही विचार करशील.

वावरवाला : (बाकावर सरकत, हळूच) काका, खरं सांगू काय? एक जुनी पाहून ठेवली. एका वाड्यात हाय. मालकाच्या आज्याची. इलायती! एजंट म्हने, पैसे आज द्या, कागदाचं मागून पाहू.

सुभेदार : मागून म्हणजे जेलातून. बिनपरवाना बंदूक सापडली तर 2019 च्या दुरुस्तीनंतर किमान 2 वर्षं, कमाल 5. आधी परवाना तुझ्या नावाचा. मग विकणाऱ्यानं जिल्हादंडाधिकाऱ्याला किंवा जवळच्या ठाण्याला लेखी कळवायचं, की अमक्याला विकतो आहे. त्यानंतर 45 दिवस थांबायचं. मग व्यवहार.

वावरवाला : 45 दिवसांत तं माहं सोयाबीन डुकराच्या पोटातून खत होऊन वावरात परत येईन!

सुभेदार : पाहिलीस म्हणतोस ना? काय पाहिलंस?

वावरवाला : नक्षी. घोड्यापाशी हरन कोरलं हाय. एक नंबर.

सुभेदार : हरणाला चारा लागत नाही, ते सोड. नळ्या उघडून आरपार पाहिलंस?

वावरवाला : पाह्यलं ना.

सुभेदार : काय दिसलं?

वावरवाला : वाड्याचा मालक.

सुभेदार : (कपबशी खाली ठेवत) अरे लेका! नळीतून माणसाकडं बघतात? आधी काडतुसांची दोन्ही घरं रिकामी आहेत का ते बघायचं, मग नळ्या आभाळाकडं धरायच्या. आतून चकचकीत हव्यात. गंजाचे खड्डे आहेत का, चेप आहे का, आणि मुख्य म्हणजे कुठं काळं गोल कडं दिसतं का. नळीत चिखल नाहीतर चिंधी अडकलेली असताना कधीतरी बार झाला, की तिथं नळी फुगते. बाहेरून बोट फिरवलं की उंचवटा लागतो. फुगलेली नळी फुकटातही घ्यायची नाही.

वावरवाला : बोट फिरवलं मी. गोल गोल वळनाची वेलबुट्टी हाय नळीवर. तेबी नक्षीच.

सुभेदार : ती नक्षी नव्हे. ती डमास्कस नळी. लोखंड आणि पोलादाच्या पट्ट्या पिळून, गुंडाळून, ठोकून केलेली. काळ्या दारूच्या जमान्यातली. आजच्या काडतुसात बिनधुराची दारू असते, तिचा जोर वेगळा. त्या नळीत ते घातलंस तर पहिला बळी डुकराचा नसेल.

वावरवाला : (हात मागे घेतो) पन एजंट म्हने, काडतूस बरोबर बसते. त्यानं बसवून दाखवलं.

सुभेदार : बसतं, हीच तर खोड आहे. जुन्या विलायती बंदुकीचं घर बहुधा 65 मिलिमीटरचं. आज काडतूस मिळतं 70 चं. ही लांबी उडाल्यावरची, तोंड उलगडल्यानंतरची. भरलेलं असतं तेव्हा तोंड दुमडलेलं असतं, म्हणून आखूड.

वावरवाला : म्हंजे एसटीतल्या पावन्यावानी. बसतानी मावते, मंग पाय लांब करते.

सुभेदार : आणि पाय लांब करायला जागा नसली की दाब वाढतो. म्हणून नळ्यांच्या बुडाला आकडा आणि परीक्षेचे ठसे कोरलेले असतात, ते भिंगानं वाचायचे. पुसट झाले असतील तर बंदूक कारागिराकडं मापायला. मग पुढचं लाकूड काढायचं, नळ्या परत चढवून बंदूक बंद करायची आणि दस्ता धरून हलवायची. बिजागरीत खुळखुळ असली तर परत. नळ्या सुट्ट्या काढून टांगायच्या, पेरानं टिचकी मारायची. टण्ण असा लांब आवाज निघाला तर दोन नळ्यांमधला डाख शाबूत. खरखर आली तर पट्टी सुटली. शेवटी डमी काडतुसं घालून घोडे चढव आणि दस्त्याला तळहातानं ठोक. घोडा आपोआप पडला तर?

वावरवाला : एजंटाले पाडाचं.

सुभेदार : व्यवहार सोडायचा. आता सांग, चाप दोन कशाला?

वावरवाला : एक बिघडला तं दुसरा.

सुभेदार : पुढचा चाप उजव्या नळीचा, मागचा डाव्या. उजवी तोंडाशी मोकळी असते, छर्रे लवकर पसरतात. डावी आवळलेली, तिला चोक म्हणतात, त्यानं जरा लांबवर छर्रे एकत्र जातात. तरी नेम 35-40 मीटरपर्यंतच. छर्रा मात्र तिथं थांबत नाही, दोनशे मीटर जातो, मोठा असला तर कितीतरी पुढं. तुझ्या वावरापलीकडं कोण?

वावरवाला : भाऊ. चुलत.

सुभेदार : तो रात्री कुठं असतो?

वावरवाला : जागलीवर. मचानावर.

सुभेदार : आणि धुऱ्याचा तुमचा वाद?

वावरवाला : कोर्टात हाय.

सुभेदार : मग त्याच कोर्टात सांग, की साहेब, डुक्कर दिसलं होतं.

(वावरवाला बराच वेळ चहा ढवळतो. सुभेदार आपली छत्री त्याच्या हातात देतात.)

सुभेदार : ही दुनळी समज. चाल.

वावरवाला : (छत्री छातीशी आडवी धरून) अस्सं?

टपरीवाला : ओ, टोक इकडं करू नका! पह्यले उधारी देजा, मंग मारजा.

सुभेदार : एक मेला. नळीचं तोंड जमिनीकडं नाहीतर आभाळाकडं. बंदूक रिकामी आहे हे तुला ठाऊक असलं तरी. बोट चापावर नाही, बाहेर सरळ. आता हा बाक म्हणजे धुरा. ओलांड.

(वावरवाला छत्रीसकट बाकावरून उडी मारतो आणि गडबडतो.)

सुभेदार : दुसरा मेला, तू. धुरा असो, तार असो, नाला असो, आधी बंदूक मोडून उघडायची, काडतुसं खिशात. मग ती तोंड लांब करून पलीकडं ठेवायची, मग आपण.

वावरवाला : पन मी सेफ्टी लावली होती!

सुभेदार : पुष्कळ दुनळ्यांत सेफ्टी चाप अडवते, आतला घोडा नाही. आपटली की बार होऊ शकतो.

(वावरवाल्याचा मोबाइल वाजतो. तो छत्री उभी करून हनुवटी टेकवतो आणि दोन्ही हातांनी खिसे चाचपतो.)

सुभेदार : तिसरा. परत तूच.

वावरवाला : (फोनवर) मागून कर, मी मेलो हावो. (फोन ठेवून) काका, चाप दाबला अन् वाजलंच नाही तं? लगेच उघडून पाहाचं?

सुभेदार : नाही. तोंड मोकळ्या दिशेला धरून 30 सेकंद थांबायचं. एखादं काडतूस उशिरा पेटतं. उघडायचं त्यानंतर. आणि बारा बोअरच्या खिशात वीस बोअरचं काडतूस चुकूनही ठेवायचं नाही.

वावरवाला : वीसचं तं मोठं असन, घुसनारच नाही.

सुभेदार : उलटं. नळीच्या तोंडाएवढ्या शिशाच्या 12 गोळ्यांचा एक पौंड होतो, म्हणून बारा बोअर. आकडा वाढला की नळी बारीक. वीसचं काडतूस बाराच्या नळीत घसरून पुढं अडकतं. माणसाला वाटतं, भरलंच नाही. मागून बाराचं घालतो, आणि नळी फुटते. म्हणून वीसचं काडतूस पिवळं करतात.

वावरवाला : माह्या पोराच्या लग्नात तरी दोन बार काढीन म्हनलं होतं. बँडचे पैसे वाचतीन.

सुभेदार : बँड स्वस्त पडेल. बेपर्वाईनं केलेल्या आनंदाच्या गोळीबाराला 2 वर्षांपर्यंत कैद, किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. बंदूक घरात ठेवणार कुठं?

वावरवाला : सोयाबीनच्या थप्पीमागं.

सुभेदार : जिथं पोरं लपाछपी खेळतात तिथं! बंदूक एका कुलपात, काडतुसं दुसऱ्या, किल्ल्या तुझ्या कमरेला. पावसाळ्यात नळ्यांना तेल. परवान्याचं नूतनीकरण 5 वर्षांनी. निवडणुकीत हुकूम निघाला की बंदूक ठाण्यात जमा.

वावरवाला : म्हंजे राती वावर राखा, दिवसा बंदूक राखा. अन् आचारसंहितेत डुकरं मोकळे?

सुभेदार : त्यांना आचारसंहिता लागू नाही.

वावरवाला : मंग करू काय मी? सांगा तं खरं.

सुभेदार : आज घरी जाऊन झोपू नको. वनखात्याकडं नुकसानीचा अर्ज टाक. पंचनाम्याला खुरांचे ठसे ताजे लागतात, पाऊस आला की पुरावा गेला. कुंपणाला झटका मशीन लाव, ती सौरवाली. घरच्या लाइनीची तार सोडायची नाही, त्यानं माणसं मरतात.

वावरवाला : अन् वाड्यातली?

सुभेदार : मालकाला विचार, परवाना कोणाच्या नावावर आहे. आज्याच्याच असेल तर बंदूक ठाण्यात नाहीतर परवानाधारक विक्रेत्याकडं जमा करायला सांग, आणि ठेवायची असेल तर वारसानं स्वतःच्या नावानं अर्ज करावा. विकायचं बोलणं त्यानंतर. तूही वाशीमला अर्ज कर, मी अडवत नाही. परवाना हातात पडला की बंदूक पाहायला मी येईन. पण डमास्कसची घेणार नाही, आणि तोवर वाड्यातल्या त्या दुनळीला तू बोट लावायचं नाहीस.