सगळंच ‘एरर’ मानणाऱ्या साहेबांस

प्रति,
प्रोग्रॅमर साहेब,
कोल्हापुरातून रात्रपाळीवाल्याचा साष्टांग नमस्कार.

आपल्या दिलदारपणाला तोड नाही. कुणी पासवर्ड चुकवला, एरर. नसलेलं पान मागितलं, एरर. कंटाळून ब्राउझर बंद केला, तरी ‘ब्रोकन पाइप’चा एरर, वर लांबलचक स्टॅक ट्रेस. तो एररही वाटेतल्या प्रत्येक फंक्शननं पकडायचा, लॉगमध्ये टाकायचा आणि पुन्हा वर फेकायचा. चूक एक, नोंदी पाच, आणि प्रत्येक नोंदीला रात्री माझा फोन वाजणार. नाद खुळा!

काटकसर कुठं करायची, तेही आपण नेमकं जाणता. पैसे भरण्याच्या कोडमधला कॅच ब्लॉक रिकामा! ग्राहकाचे पैसे कापले, ऑर्डर नाही, लॉग चिडीचूप. जिथं ‘काहीतरी चुकलं’ असं लिहिलंत, तिथं ऑर्डर क्रमांक देऊन जागा वाया घालवली नाहीत. पासवर्ड मात्र अक्षरन् अक्षर छापलात. ‘सर्ट-इन’ या सरकारी सायबर सुरक्षा संस्थेच्या 2022 च्या निर्देशांनुसार लॉग 180 दिवस जपायचे असतात, म्हणजे तो पासवर्डही आता सरकारी मुदतीनं सांभाळला जाणार.

आमच्या जिल्हा प्रशासनाला ही दृष्टी नाही. राजाराम बंधाऱ्यापाशी पंचगंगा 39 फुटांवर गेली की इशारा, 43 वर धोका. त्याखालचं पाणीही मोजतात, लिहितात. पण त्यासाठी कुणाला झोपेतून उठवत नाहीत. म्हणूनच 2019 आणि 2021 मध्ये पाणी 55 फुटांपलीकडे गेलं, तेव्हा ‘धोका’ या शब्दाला वजन होतं. आपण असता तर भोंगा उन्हाळ्यातच वाजून वाजून बसला असता.

तरी एक विनंती. पासवर्ड चुकल्याची नोंद ‘इन्फो’ लेव्हलला जाऊ द्या; एकाच पत्त्यावरून तो शेकडो वेळा चुकला, तर ‘वॉर्न’. तुटलेलं कनेक्शन दुसऱ्या प्रयत्नात जुळलं, तरी ‘वॉर्न’ पुरे. डेटाबेस उघडतच नाही, पैसे कापून ऑर्डर हरवली, तो ‘एरर’. नोंद एकदाच करा, जिथं त्या चुकीचा निकाल लावता तिथं, ऑर्डर क्रमांकासकट. आणि ‘एरर’ लिहिताना स्वतःला विचारा : हे वाचून पहाटे तीनला उठलेल्या माणसानं नेमकं काय करायचं?

हे जमणार नसेल, तर सोपा उपायही आहे. पुढच्या सोमवारपासून अलर्टवर माझ्याऐवजी आपला मोबाइल नंबर टाकतो. मंगळवारपर्यंत सगळ्या लेव्हल आपोआप ठरतील.

आपला जागा सेवक,
रात्रपाळी, कोल्हापूर