पाटावरचे साहेब

नाशकात सायकल घेणं मोठं जोखमीचं. इथल्या डॉक्टर महाजन बंधूंनी २०१५ साली जोडीने ‘रेस अॅक्रॉस अमेरिका’ पुरी केली, २०१७ मध्ये नाशिकच्याच लेफ्टनंट कर्नल श्रीनिवास गोकुलनाथांनी एकट्याने. जवळपास ४८०० किलोमीटर! त्यामुळे मी हेल्मेट घालून बिटको चौकात दिसलो की पानवाला विचारतो, ‘यंदा तुमचा नंबर का?’ मी नुसतं हसतो. ‘नाही’ म्हणायला जीभ रेटत नाही.

माझी अमेरिका जेल रोडच्या कॅनॉल रोडवर संपते. तिथे कॅनॉल सोडून सगळं आहे. इंग्लंडात कालव्याकाठची वाट नावा ओढणाऱ्या घोड्यांसाठी केली, आता तिथे सायकली चालतात. आमच्या पाटांत नावा कुठल्या? काठावरून जायचा तो पाण्याच्या पाळ्या लावणारा पाटकरी.

माझे काका निफाडकडे पाटकरी होते. खाकी अर्धी चड्डी, काळी सायकल, हँडलला बॅटरी, कॅरिअरला नोंदवही. पाण्याचं आवर्तन सुटलं की त्यांचा रुबाब कलेक्टरपेक्षा जास्त. पाणीमागणीचा सात नंबरचा फॉर्म भरलेला शेतकरी त्यांना काठावर अडवून चहा पाजायचा. रात्री दोनची पाळी दिवसावर येते का, एवढीच त्याची आशा. काका चहा सगळ्यांचा प्यायले, पाळी कुणाची हलवली नाही. ‘म्हणूनच घरात कधी द्राक्षाची पेटी आली नाही,’ असं काकू अजून ऐकवते. पाट तुडुंब, काठावर हातभर वाट, मध्यरात्री कुणी चारी फोडलेली. हा माणूस सायकल आडवी टाकून चिखलात उतरायचा. फोटो एकही नाही. मी उपनगरापर्यंत गेलो तरी मोबाइलवर नकाशासकट पुरावा टाकतो.

शहरातला पाट आता पाटीवरच उरलाय. जिथे खड्डा शिल्लक आहे तिथे प्लास्टिकच्या पिशव्यांचं आवर्तन बारमाही. त्यांना कुठला फॉर्म लागत नाही. चीड येते, मग मी गिअर बदलतो, तेवढंच हातात असतं.

म्हणून परवा डाव्या कालव्याने मखमलाबादकडे गेलो. माझं हेल्मेट, काळा चष्मा बघून द्राक्षबागेतले एक आजोबा धावत काठावर आले. म्हणाले, ‘साहेब, पाणी कधी सोडताय?’

मी पोट आत घेतलं. ‘बघतो,’ म्हटलं, ‘वर बोलावं लागेल.’

‘बोला ना. तोवर चहा घ्या.’

घेतला.