‘त’वरून ताकभात

अमेरिकेतल्या कुठल्याही मोठ्या संगीतशाळेत ऑपेरा शिकायला जा, इटालियन उच्चारांच्या बाई भेटणारच. कधी बाईंच्या जागी गृहस्थ असतात; स्वभाव तोच. बाई जन्मानं ओहायोच्या. तरुणपणी पेरूजाला भाषा शिकायला म्हणून एक उन्हाळा काढलेला, त्या उन्हाळ्यावर पुढचा जन्म चाललाय. बोलताना हात आवरत नाहीत. हॉटेलात वेटर ‘ब्रुशेट्टा’ म्हणाला की ‘ब्रुस्केत्ता’ म्हणवून घेतल्याशिवाय त्याची सुटका नाही.

तुमचा गळा कसा आहे याच्याशी बाईंना कर्तव्य नसतं. पोराच्या पहिल्या ‘त’वरूनच त्या ताकभात ओळखतात. इंग्रजीत वाढलेली जीभ ‘त’ म्हणताना दाताला शिवतच नाही, हिरडीशी घुटमळते. ‘प’मागून वाफ सुटते. म्हणून पहिल्या तासाला प्रत्येकाच्या तोंडासमोर कागदाची पट्टी. ‘प’ म्हणताना पट्टी हलली की बाईंची मानही हलते, नकारार्थी. मग स्वर. ‘ओ’च्या शेवटी ‘ऊ’चं शेपूट, ‘ए’च्या शेवटी ‘ई’चं. ती छाटण्यात पहिलं सत्र जातं. शर्मर कंपनीचं चोवीस इटालियन गाण्यांचं पिवळं पुस्तक आहे, मूळ 1894 सालचं; बाईंच्या प्रतीत आता छापील अक्षरांहून पेन्सिल जास्त.

पण बाईंचा खरा प्राण जोडव्यंजनात. ‘पेना’ म्हणजे दुःख आणि ‘पेन्ना’ म्हणजे लेखणी. ‘न’चा हिशेब चुकला की प्रेमभंग झालेला नायक भर रंगमंचावर लेखणीसाठी टाहो फोडतो. ‘आन्नो’ म्हणजे वर्ष. त्यातला एक ‘न’ गाळल्यास शरीराचा जो भाग उरतो तो इथं छापण्याजोगा नाही.

यावरूनच गाण्याच्या मास्तरांशी त्यांचं हाडवैर. सोमवारी मास्तर बजावतात, आवाजाची धार तुटता कामा नये. मंगळवारी बाई म्हणतात, इथं दोन ‘त’ आहेत, थांब! बुधवारी पोरगं घशाच्या डॉक्टरकडे. माझं मत विचाराल तर दोघांचंही बरोबर आहे आणि पोराला वाली नाही.

बाईंच्या देव्हाऱ्यात मोझार्टही नाही; तिथं लोरेन्त्सो दा पोन्ते. ‘फिगारो’, ‘दोन जोव्हान्नी’ आणि ‘कोसी फान तुत्ते’चे शब्द त्याचे. दिवाळं निघाल्यावर लंडन सोडून हा गृहस्थ अमेरिकेला पळाला, तिथं किराणा विकला आणि 1825 साली न्यूयॉर्कच्या कोलंबिया कॉलेजात इटालियनचा पहिला प्राध्यापक झाला. त्यानं हाती घेतलेलं काम अजून अपुरं आहे, असं बाई वर्गाकडे बघून म्हणतात.

एका वर्षी वर्गात पुण्याची मुलगी आली. पट्टी जागची हलली नाही. ‘त’ थेट दातावर. सत्ता, पत्ता, गप्पा, धक्का म्हणत वाढलेली. जोडव्यंजन तिला कोण शिकवणार? ‘नॉत्से’ म्हणजे लग्न. या शब्दापाशी अख्खा वर्ग दरवर्षी आडवा होतो. तिनं ‘चाळी’तला ‘च’ काढून तिथं दाबून बसवला. बाईंचे डोळे भरून आले. शेजारच्या खोल्यांतून माणसं बोलावून त्यांनी तिच्याकडून तो शब्द पुन्हा पुन्हा म्हणवून घेतला.

पंधरा दिवसांनी मास्तर भीतभीत सांगायला आले, मुलगी गोड आहे, पण सुरात नाही.

‘‘सूर काय,’’ बाई म्हणाल्या, ‘‘शिकवता येतो.’’