काकाजींचा पॉपॉ

आपल्या मातीत जे फुकट येतं त्याकडे ढुंकूनही पाहायचं नाही आणि जे येणारच नाही त्यासाठी जीव टाकायचा, अशी एक जात वऱ्हाडात गावोगाव आहे. वलगावात तिची धुरा सेवानिवृत्त तलाठी असलेल्या आमच्या काकाजींकडे. बांधावरची सीताफळं पाखरं आणि पोरं खातात. काकाजींना हवा आहे पॉपॉ, सीताफळाच्याच कुळातला अमेरिकी भाऊबंद, उणे २५ अंशांतही तग धरणारा. हिमाचलच्या हरिमन शर्मांनी गरम मुलखात येणारं सफरचंद काढल्याचं वाचल्यापासून कुठल्याच झाडाचा नकार त्यांना मान्य नाही.

"चव आंबा अन् केयं मिसयल्यावानी असते म्हनते," ते सांगतात.

"मंग आंबा अन् केयंच खा नं!" काकू आतून.

ओहायोतल्या भाच्याकडून बिया आल्या. त्या वाळू द्यायच्या नाहीत, तीन महिने ओल्या भुशात गारठ्यात ठेवायच्या. श्रीखंडाच्या डब्यातून त्या फ्रीजमध्ये गेल्या आणि काकूंची लोण्याची वाटी ओट्यावर आली. पेरल्यावर आधी मूळ खोल जातं, कोंब सवडीनं येतो. काकाजी रोज सकाळी करंगळीनं माती उकरत, पांढरं मूळ दिसलं की लगबगीनं झाकत. कोंब निघाले तसं बैठकीतल्या कूलरनं अंगणाकडे तोंड फिरवलं. मे महिन्यात हिरव्या जाळीखाली रोपं खसाचा वारा खात होती आणि पाहुणे आत पेपरानं वारा घेत होते.

"काकाजी, चिखलदऱ्याले न्या नं. तिथं कॉफी येते, हे बी येईन."

"तिथं त कोनीबी लावते!"

पॉपॉचं फूल काळपट लाल, वास सडक्या मांसाचा. मधमाशी फिरकत नाही, माश्या आणि भुंगेरे कामाला येतात. त्यांना बोलवायला अमेरिकेत काही जण झाडाला कोंबडीची हाडं टांगतात, हे काकाजींनी चौकात अभिमानानं सांगितलं. गाव कोणतं? जिथे पेढी नदीच्या पुलापाशी २० डिसेंबर १९५६ रोजी गाडगेबाबांनी देह ठेवला, ते. "बाबाच्या गावात हाडकं टांगता काय जी?" शेजारी उखडले. फुलाचा अजून पत्ता नव्हता, पण भांडण रीतसर झालं. शेवटी पराग ब्रशनं लावायचा, असा तह झाला. तोही दुसऱ्या बीच्या झाडाचा, कारण स्वतःचा पराग पॉपॉला सहसा चालत नाही. म्हणजे कूलरपुढची गर्दी वाढली.

फुलायचं तर हिवाळ्यात कित्येक तास कडाक्याची थंडी हवी. काकाजींनी डिसेंबरात बर्फाची लादी आणून बुडाशी रचली. थंडी झाडाच्या डोळ्यांना लागते, बुडाला नाही, असं कृषी सहायकानं सांगितल्यावर ते विचारात पडले. सध्या ते अमरावतीच्या भंगारबाजारात जुना फ्रीज शोधताहेत. उभा, बिनकप्प्याचा, कुंडीसकट झाड मावेल असा.