कार्पेट किती?

दादरच्या रानडे रोडजवळच्या एका दुकानात टाय लावलेल्या मुलाने मला पहिलाच प्रश्न विचारला, "सर, घरात कार्पेट किती?"

"तीनशे," मी म्हणालो. "बिल्टअप विचारू नका, ते बिल्डरलाही सांगता आलेलं नाही."

मुलगा गुणी होता, हसला नाही. लालबाग-परळच्या गिऱ्हाइकांची सवय असावी. त्याला जमिनीवर अंथरायचा गालिचा म्हणायचं होतं. केर काढून वर लादीही पुसणारा रोबो घ्यायचा तर घरात गालिचा आहे की नाही यावर म्हणे पुष्कळसं ठरतं. असेल तर ओढ जास्त हवी, आणि गालिचा आला की ओलं फडकं आपोआप वर उचलून घेणारं मॉडेल हवं. मी आठवून आठवून सांगितलं, एक सतरंजी आहे, ती सत्यनारायणाला माळ्यावरून उतरते; आणि आईच्या जुन्या लुगड्याचं पायपुसणं आहे. त्याने वहीत 'कार्पेट नाही' असं लिहिलं आणि पुढच्या महागड्या रांगेकडे वळता वळता थांबला.

या यंत्राचा सगळा वंशच गालिच्यावरचा. 1901 साली लंडनमध्ये ह्युबर्ट सेसिल बूथ या इंजिनिअरने धूळ ओढून घेणारं यंत्र काढलं. ते इतकं अवाढव्य होतं की घोडागाडीवर लादून आणायचे, गिऱ्हाइकाच्या दारात उभं करायचे आणि खिडकीतून लांबलचक नळ्या आत सोडायचे. सातव्या एडवर्डच्या राज्याभिषेकाच्या वेळी वेस्टमिन्स्टर अॅबीतले गालिचे त्यानेच साफ केले. जमिनीवर अंथरलेली वस्तू ज्यांना उचलून झटकता येत नाही, त्यांनी काढलेली ही तोड. आमच्या घरात जमिनीवर जे जे असतं ते सगळं उचलून झटकता येतं. माणसंसुद्धा.

मुंबईत हे प्रकरण दारावर आलं ते युरेका फोर्ब्सच्या पोरांबरोबर. कंपनी 1982 सालची. टाय, चकचकीत बूट, हातात यंत्र. गादीतली धूळ पांढऱ्या फडक्यावर काढून दाखवायची, घरातल्या बाईला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं आणि त्या भरात हप्ता बांधला जायचा. आमच्या चाळीतही असा एक पोरगा चुकून चढला होता. पण ती मात्रा आमच्याकडे लागू पडली नाही. 1982च्याच जानेवारीत गिरण्यांचा संप सुरू झाला होता, नाना, म्हणजे माझे वडील, साचेखात्यात होते आणि त्या संपाच्या झळा पुढे कित्येक वर्षं पुरल्या. पोरगा चहा पिऊन गेला. मजल्यावरच्या एका घराने मात्र यंत्र घेतलं. ते मूळ खोक्यात, मूळ थर्माकोलसकट, चाळ पाडेपर्यंत माळ्यावर सुखरूप होतं.

आताचं यंत्र म्हणजे पुरणपोळीच्या तव्याएवढं, जमिनीवर स्वतःहून फिरणारं. अमेरिकेतल्या आयरोबॉट कंपनीने 2002 साली 'रूम्बा' आणला तेव्हापासून हे चालू आहे. मग चिनी कंपन्या आल्या. त्यांची यंत्रं लेझरने बघतात, केरही काढतात, लादीही पुसतात आणि स्वस्तही पडतात. अखेर 2025च्या डिसेंबरात आयरोबॉटला दिवाळखोरीसाठी कोर्टाची पायरी चढावी लागली. ही बातमी मी आईला मोठ्याने वाचून दाखवली. आईने तांदूळ निवडता निवडता निदान केलं, "तिन्हीसांजेला केर काढत असणार."

दुकानातला मुलगा पास्कलवर आला होता. हा पाच हजार पास्कल, तो आठ हजार, वरचा त्याहून जास्त. पास्कल म्हणजे दाबाचं माप. आपण उभे असतो त्या साध्या हवेचाच दाब लाखभर पास्कल भरतो. आठ बावन्नच्या लोकलमध्ये दादरला किती होत असेल ते ज्याने त्याने ठरवावं. गुळगुळीत टाइल्सवरची धूळ उचलायला यातला खालचा आकडाही पुरतो. आमच्याकडे खरं काम पुसण्याचं, आणि त्याला आकडा नाही, म्हणून त्याबद्दल कोणी फारसं बोलत नाही. काही यंत्रं नुसतं ओलं फडकं मागून फरफटत नेतात. आई त्याला 'लादी दाखवणे' म्हणते, पुसणे नव्हे. काहींना दोन गोल फडकी असतात, ती गरगर फिरत घासतात. हे बरं. पण पाण्याची टाकी पाहून आईने हात टेकले. जेमतेम पाव लिटर. "अर्ध्या तांब्यात अख्खं घर? आमची मोरीसुद्धा होत नाही तेवढ्यात."

पैसे घालण्याआधी वापरून बघावं म्हणून हिंदू कॉलनीतल्या भावोजींनी त्यांचं यंत्र आमच्याकडे धाडलं, आणि गुंता झाला. यंत्र जावईबापूंचं! आई त्याला टाकून बोलेना. खुर्चीच्या पायाला धडकून ते जागच्या जागी भोवंडायला लागलं की ती म्हणायची, "असू दे, नवीन आहे, रुळेल." हेच मी केलं असतं तर माझा उद्धार झाला असता. अधिक महिना असता तर तिने त्याच्यापुढे अनारशांचं ताट ठेवायलाही कमी केलं नसतं.

पहिल्या फेरीत यंत्र घराचा नकाशा काढतं. डोक्यावरच्या बुरुजातून लेझर गोल फिरतो, समोर काय किती अंतरावर आहे ते मोजतो आणि मोबाइलवर भिंती उमटत जातात. मग अॅप विचारतं, खोल्यांना नावं द्या: लिव्हिंग रूम, बेडरूम, डायनिंग रूम, स्टडी. आता आमची बाहेरची खोली सकाळी सातपर्यंत बेडरूम असते. गाद्या गुंडाळल्या की लिव्हिंग रूम, साडेबाराला ताटं मांडली की डायनिंग, आणि संध्याकाळी मुलगी पाट घेऊन बसली की स्टडी. चारही नावं एकाच चौकोनाला द्यायची सोय अॅपमध्ये नाही. मी 'बाहेरची खोली' असं टाइप केलं.

नकाशात एक भिंत जास्त निघाली. खिडकीखाली, साधारण साडेपाच फूट लांब, आडवी. बिल्डरने फुकटात भिंत दिली असेल यावर माझा विश्वास बसेना. मग ध्यानात आलं, ते नाना. जेवणानंतर थंड लादीवर पंचा टाकून ते लवंडतात. घोरत असले तरी हलत नाहीत. यंत्राने त्यांच्या कडेकडेने इमानदारीत केर काढला होता, अगदी कोपरापाशी वळून सुद्धा. दुसऱ्या दिवशी नाना पतपेढीत गेले आणि यंत्र त्या जागेपाशी येऊन घुटमळलं. भिंत पडल्याचं त्याला कोणी कळवलं नव्हतं.

नानांना मात्र यंत्र आवडलं. आयुष्य साच्यावर गेलेलं, त्यामुळे मोटर सुरू झाली की त्यांचे कान टवकारतात. खाटेवरून न उठता सांगायचे, "डाव्या चाकात काहीतरी अडकलंय." उलटं करून पाहावं तर डाव्या चाकाला लांब केस गुंडाळलेला. मी त्याच्या पुढे पुढे चपला, वायरी, पेपर, मुलीचं दप्तर उचलत चाललेला असायचो. नाना म्हणाले, "साच्यापाठी माणूस लागतो हे खरं, पण तू तर याचा जॉबर झालास."

उचलण्याचं हे काम कोणत्याही माहितीपत्रकात नसतं. ज्या घरांसाठी हे यंत्र बनलं तिथे जमीन ही मोकळी जागा असते. आमच्याकडे ती वापरातली जागा आहे. विळी जमिनीवर, आंब्यांची पेटी जमिनीवर, पाहुणे वाढले की पंगत जमिनीवर. सगळं उचलून, खाटेवर रचून, मधली लादी उघडी करायची, आणि मग केर काढायला यंत्र बोलवायचं. तोवर निम्मा केर आपल्या पायांनीच दाराबाहेर गेलेला असतो.

आणि एवढं करूनही मसाल्याचा दिवस टळला नाही. एप्रिल-मेमध्ये लालबागच्या मिरचीगल्लीत पाय ठेवायला जागा नसते. वर्षाचा मसाला घरोघर त्याच दिवसांत होतो. आईने बेडगी, शंकेश्वरी, धणे, हळकुंडं सगळं भाजून डंखावरून कुटून आणलं आणि गरम मसाला निवायला पेपरवर पसरला. वर वर्तमानपत्राचं दुसरं पान झाकलं. अकरा वाजता, ठरलेल्या वेळी, जावईबापूंचं यंत्र चार्जरवरून उतरलं. पेपराची कड त्याने सहज पार केली.

तोंडातून घेतलेली हवा ते मागून सोडतं. मधे गाळणी असते खरी, पण ती लालबागचा मसाला गृहीत धरून बनवलेली नसावी. स्वयंपाकघरात बायको शिंकली, मग मुलगी, मग समोरच्या ब्लॉकमधून कोणीतरी. नानांची भिंत उठून बसली. मी डोळे पुसत धावलो तर पुढचं दृश्य पाहून उभाच राहिलो. ओल्या फडक्यांनी मसाला लादीभर सारवला होता, शिस्तीत, एकही ओळ न चुकवता: या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत, वळण, परत. पिवळट-तांबड्या पट्ट्यांत यंत्राचा सगळा रस्ता लादीवर छापलेला. मोबाइलवरचा नकाशा इतका स्पष्ट कधीच दिसला नव्हता. खाटेच्या पायाशी घेतलेला छोटा वळसासुद्धा हळदीत उमटला होता. आईने पदर नाकाला लावला, गेलेल्या मसाल्याचा मनातल्या मनात हिशोब केला आणि म्हणाली, "हात मात्र सारखा आहे हो त्याचा."

गिरगावची आत्या मुगभाटात जुन्या चाळीत राहते. तिनेही एकदा बघायला मागितलं म्हणून घेऊन गेलो. तिथे पहिली अडचण लादीची. काळ्या-पांढऱ्या चौकड्या. जिन्यावरून पडू नये म्हणून या यंत्रांच्या पोटाखाली इन्फ्रारेड डोळे असतात. उजेड परत आला तर जमीन, नाही आला तर खड्डा. गडद काळा रंग तो उजेड गिळतो, त्यामुळे काही यंत्रांना काळी लादी विहीर वाटते. भावोजींचं यंत्र पांढऱ्यावरून पांढऱ्यावर जायची वाट शोधत मधेच थबकलं. आत्या म्हणाली, "सोवळं पाळतंय वाटतं." दुसरी अडचण उंबरठा. बहुतेक यंत्रं दोन सेंटीमीटरच्या आसपासचा उंचवटा चढतात. आत्याचा उंबरठा सासऱ्यांच्या काळचा आहे. शेवटी उचलून बाहेर गॅलरीत सोडलं. तिथे ते खुललं. सगळ्यांच्या दारांवरून सरळ निघालं, पोरं मागे, शेजारणी दारात, प्रत्येकीचं एकच, "आमच्यापुढचंही घे रे." जिन्याच्या तोंडाशी मात्र ते बरोब्बर थांबलं आणि मागे फिरलं. मोबाइलवर नकाशा पूर्ण झाला तेव्हा मजल्याची अख्खी गॅलरी आत्याच्या घरात धरलेली होती. तिने तो फोटो मागून घेतला आहे. घरमालकाशी बोलणी सुरू आहेत, कुठे कामाला येईल सांगता येत नाही.

यंत्र परत पोचवून मी पुन्हा रानडे रोडला गेलो. त्या मुलाला मोठा डॉकवालाच विकायचा होता: कचरा आपोआप ओढून घेतो, फडकी धुतो, गरम हवेने वाळवतो. मुंबईच्या जुलैत ओल्या फडक्याला कसा कुबट वास येतो ते ज्याला माहीत आहे, तो गरम हवेपाशी पाघळतोच. मीही पाघळलो होतो. मग पुस्तिकेतली बारीक अक्षरं वाचली: डॉकच्या दोन्ही बाजूंना अर्धा मीटर आणि समोर दीड मीटर जागा मोकळी ठेवा. डॉकसकट गुणाकार केला तर पंचवीस-तीस चौरस फूट. बीडीडी चाळीतली खोली 160 फुटांची असायची. तिथे पाच-सात माणसांचे संसार झाले. म्हणजे खोलीचा जवळजवळ सहावा हिस्सा एका केरसुणीला. वरळीच्या बीडीडीतल्या 556 कुटुंबांना ऑगस्ट 2025मध्ये 500 फुटांच्या घरांच्या चाव्या मिळाल्या. त्यांनी डॉकचा विचार करायला हरकत नाही. आमच्या तीनशेत इतकी मोकळी जागा फक्त गणपतीला होते, आणि तेव्हा तिथे गणपती असतो.

तेव्हा घेतलं ते साधं: लेझरवालं, दोन फिरत्या फडक्यांचं, छोट्या चार्जरचं. आईने त्याची जागा दाराआड, केरसुणीशेजारी ठरवली. केरसुणी राहणारच आहे. लक्ष्मीपूजनाला हळदकुंकू कशाला वाहायचं हा प्रश्न तिने दुकानात जाण्याआधीच निकालात काढला होता. यंत्राला दसऱ्याला झेंडूचं फूल मिळेल, मिक्सर आणि स्कूटरबरोबर. तिन्हीसांजेचं शेड्यूल कायमचं बंद.

राहिल्या मावशी. झाडूलादीला येतात, शिवडीहून. यंत्र पाहून त्यांचा चेहरा उतरेल असं आम्हाला वाटत होतं, म्हणून बायकोने आधीच सांगून टाकलं की पगार तोच राहील, कोपरे आणि मोरी तुमचीच. गोल यंत्राला चौकोनी कोपरा जमत नाही, हे त्यांनी आमच्याआधी हेरलं होतं. त्यांनी ते उलटं करून पाहिलं, ब्रशात गुंतलेले केस बघितले, फडकी हुंगली. "आणि ह्याला कोण साफ करनार?" आम्ही एकमेकांकडे पाहिलं. "मीच करीन," मावशी म्हणाल्या. "पन त्याचं वेगळं."

तुम्हीही घेणार असाल तर पास्कल विचारत बसू नका. मोजपट्टी घ्या, दिवाणाखालची उंची, उंबरठा आणि मोरीचा कट्टा मोजा. यंत्र नऊ-दहा सेंटीमीटर उंच असतं. काळी लादी असेल तर आधी कुणाचं तरी मागून चालवून बघा. आणि मावशींशी दर यंत्र घरात येण्याआधी ठरवा, नंतर वाढतो. आमच्याकडे महिन्याला शंभर रुपये पडतात, खाडा धरून.