दर तीन दिवसांनी टोपी

जंगलातल्या दुष्ट मंडळींमध्ये मला माया वाटते ती फक्त रेडकॅपची. ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ या खेळात त्याच्याहून भयंकर प्राणी ढिगानं आहेत, पण त्यांच्या जिवाला घोर असा कसला नाही. रेडकॅपला आहे. त्याची टोपी बळीच्या ताज्या रक्तात भिजलेली लागते. तीन दिवसांत ती पुन्हा भिजवली नाही, तर हा म्हातारा जणू कधी नव्हताच असा नाहीसा होतो. रजा नाही, आजारपण नाही, बदली माणूस नाही.

हा खेळ 1974 साली अमेरिकेत गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनी काढला. एकानं गोष्ट सांगायची, बाकीच्यांनी त्यातली पात्रं व्हायचं आणि अडलं की वीस बाजूंचा फासा टाकायचा. आमच्याकडे गोष्ट मी सांगतो. राक्षसही मीच होतो, त्यामुळे त्यांची बाजू मला जरा जास्त कळते.

‘व्होलोज गाइड टू मॉन्स्टर्स’ या खेळाच्याच 2016 च्या पुस्तकात रेडकॅपची जन्मकथा आहे. परीलोकाच्या रानात कुणी रक्ताला चटावून खून केला, की त्या मातीतून रक्ताळलेल्या अळंब्या वर येतात. चांदणं पडलं की एखादीखालून सुरकुतलेला, पोक काढलेला बुटका उसळतो. हातात विळा, पायात लोखंडी बूट. त्या बुटांमुळे चालताना दबकायचं म्हटलं, की फासा दोनदा टाकून कमी आकडा धरायचा. म्हणजे ज्याचा जीव खुनावर अवलंबून, तोच पत्र्यावरून पिंप ढकलत आणल्यासारखा खणखणत येणार! हा नियम लिहिणाऱ्याला मी मनातल्या मनात दंडवत घातला आहे.

लोककथांतला मूळचा रेडकॅप स्कॉटलंड-इंग्लंडच्या सरहद्दीवरचा, पडक्या गढ्यांमधला. हर्मिटेज किल्ल्याच्या लॉर्ड सूलिसनं म्हणे रॉबिन रेडकॅप पाळला होता. त्याच्या जादूमुळे सूलिसला दोर बांधेना, पोलाद लागेना. शेवटी लोकांनी त्याला शिशाच्या पत्र्यात गुंडाळलं आणि नाइनस्टेन रिगच्या उभ्या दगडांपाशी कढईत उकळलं. इतिहासातला विल्यम डी सूलिस 1320 साली रॉबर्ट ब्रूसविरुद्धच्या कटात सापडला आणि डंबार्टनच्या किल्ल्यात कैदेत मेला. मी खेळताना कढईच सांगतो.

त्या लोककथांत रेडकॅपवर उताराही आहे: धर्मग्रंथातली वचनं ऐकवायची. तो किंचाळून गायब होतो आणि मागे एक लांब दात उरतो. हे सांगायची मला काही गरज नव्हती, कारण आमच्यातले सीए लगेच सरसावून बसले.

“मग मी रामरक्षा म्हणतो.”

“तुझ्या बुटक्या योद्ध्याला रामरक्षा येते?”

“मला येते ना!”

खेळाच्या पुस्तकात हा उतारा नाही, म्हणून मी तो फेटाळला. स्वयंपाकघरातून आई म्हणाली, “पुस्तकात नाही म्हणून काय झालं? म्हणू दे की त्याला.” आमच्या खेळात आईला फासा नाही, मत मात्र आहे.

सीएंनी मग नियमच मागून घेतले. लोककथेत रेडकॅपपुढे कुणी पळू शकत नाही. खेळात मात्र त्याचा वेग सहा सेकंदांच्या एका फेरीला 25 फूट आणि माणसाचा 30. सीएंच्या चेहऱ्यावर मार्चअखेरचं तेज आलं. लढायचंच कशाला? तीन दिवस त्याच्या पुढे पुढे चालत राहायचं. टोपी वाळेल, काम आपोआप होईल. आठ तासांपुढे चाललं तर थकव्यासाठी फासा पडतो, हे मी सांगून पाहिलं. त्यांनी पाळ्या लावल्या, कूच कसं करायचं ते ठरवलं, एल्फला झोपेची गरज नसते म्हणून रात्रीचा पहारा त्याच्या गळ्यात मारला. इकडे माझा रेडकॅप विळा हातात धरून ताटकळत उभा! अर्धी रात्र या हिशेबात गेली.

मग एल्फ झालेल्या बाईंनी सहज विचारलं, “बुटक्या योद्ध्याचा वेग किती?”

सीएंनी आपला कागद पाहिला. 25 फूट.

सगळे सीएंकडे बघायला लागले. विचारात पडल्यासारखे, अगदी प्रेमानं. एक माणूस मागे राहिला, तर टोपीची सोय होते आणि बाकीच्यांना निदान तीन दिवसांची उसंत मिळते, हा हिशेब आता कुणालाही सांगावा लागत नव्हता.

“कडेवर घ्या रे त्याला!” आई आतून ओरडली.

“चिलखत धरून वजन किती भरेल?” मी विचारलं, आणि सीए पुन्हा रामरक्षेवर आले.