गुलबर्ग्याला काय भाव?

तुरीच्या हंगामात दुधनीच्या मार्केट यार्डात उभं राहिल्यावर ‘माणूस विचार करतो म्हणजे नेमकं काय करतो?’ असा प्रश्न शहाण्या माणसाला पडत नाही. मला पडतो, कारण मी तूर विकायला आलेला नसतो.

अक्कलकोट तालुक्याचं हे टोकाचं गाव. पलीकडं लगेच कर्नाटक, त्यामुळं घासाघीस एका भाषेत सुरू होते आणि दुसरीत मिटते. इथल्या एका आडत दुकानात मी मनातल्या मनात दोन माणसं बसवून ठेवली आहेत. एक सावकार, म्हणजे दुकानाचे मालक. दुसरे त्यांचे दिवाणजी.

सावकार मितभाषी. दिवसाकाठी चार वाक्यं बोलतात, त्यातली तीन फोनवर, आणि तिन्ही एकच: ‘गुलबर्ग्याला काय भाव?’ दिवाणजींचं तोंड मात्र सकाळपासून चालू. तेव्हा अंतर्मुख कोण, असं कुणालाही विचारा, बोट सावकारांकडं जाईल. मानसशास्त्रज्ञ कार्ल युंगला विचारलं असतं तर त्यानं बहुधा दिवाणजींकडं दाखवलं असतं.

युंगनं 1921 साली माणसांच्या मनोप्रकारांवर जाडजूड जर्मन ग्रंथ लिहिला. पुढं अमेरिकेत कॅथरिन ब्रिग्ज आणि त्यांची लेक इझाबेल मायर्स यांनी त्या कल्पनांवरून प्रश्नावली बेतली, आणि आता पुण्याच्या कंपन्यांतली पोरं पत्रिकेऐवजी त्या प्रश्नावलीतून निघणारी चार इंग्रजी अक्षरं जुळवून पाहतात. पण विचाराच्या बाबतीत युंगचा मुद्दा बडबडीचा नव्हताच. विचार तोलायचा काटा बाहेर आहे की आत, एवढंच त्याला पाहायचं होतं. बहिर्मुख विचाराचा नमुना म्हणून त्यानं डार्विन घेतला, अंतर्मुख विचाराचा कांट. डार्विन कबुतरांपासून शिंपल्यांपर्यंत पुरावे गोळा करत राहिला. कांट म्हणाला, थांबा, आधी माणसाला कळतं म्हणजे काय होतं ते पाहू.

शेतकरी विचारतो, ‘सावकार, ठेवू का विकू?’ सावकार गुलबर्गा विचारतात, लातूर विचारतात, आवक पाहतात आणि म्हणतात, ‘विक.’ तेवढ्यात दिवाणजी चष्मा वर करतात. ‘ठेवायची म्हणजे कशासाठी? भाव वाढेल म्हणून ना? पण व्याज, गोदामभाडं, वाळून होणारी घट धरल्याशिवाय वाढला म्हणायचं कशावरून?’ प्रश्न बिनतोड असतो. तो संपेपर्यंत शेतकरी शेजारच्या दुकानात पट्टी करून मोकळा झालेला असतो.

दोघांचंही एकमेकांविषयी मत एकच: हा माणूस विचारच करत नाही.

बहिर्मुख विचारवाल्याचा लाभ लांबच्यांना आणि जाच घरच्यांना, असं युंग सांगतो. खरं असावं. मुलासाठी मुलगी पाहतानाही सावकारांनी चार गावांतून चौकशी मागवली. मुलाला विचारायचं तेवढं राहिलं. अंतर्मुख विचारवाला शिक्षक म्हणून बेताचाच, असंही युंगचं म्हणणं. शिकवण्याचं माहीत नाही, पण आतल्या काट्याचा माणूस म्हटलं की मला देवळालीचे शाळामास्तर द. रा. कापरेकर आठवतात. कुणी सांगितलेलं नसताना, कसलाही फायदा नसताना ते आकड्यांत रमले. कुठलीही चार अंकी संख्या घ्या, फक्त चारही अंक एकच नकोत. अंक उतरत्या आणि चढत्या क्रमानं मांडून मोठीतून लहान वजा करा, आलेल्या उत्तराचं पुन्हा तेच करा. जास्तीत जास्त सात पायऱ्यांत 6174 येते. असल्या नादाचं मला कौतुक, तेव्हा माझा कल उघडच दिवाणजींकडं आहे. पण माझी तूर असती तर मी सावकारांकडंच घातली असती.

दिवाणजींनी हे कापरेकरांचं गणित एकदा खतावणीच्या मागच्या पानावर सोडवलं आणि हर्षानं ओरडले, ‘सावकार, 6174!’

सावकारांनी फोन बाजूला धरला. ‘क्विंटलला? हमीभावाच्याही खाली?’

‘भाव नव्हे हो. कुठूनही निघा, शेवटी इथंच येतं. आणि एकदा आलं की पुढं हलत नाही.’

‘म्हणजे वर जायची आशाच नाही,’ सावकार म्हणाले. ‘विकून टाक म्हणावं.’